पेन म्हणजे देव

किनवट मागे पडतं तसं सागाचं रान दाट होत जातं. डांबर संपतं, मुरमाची वाट लागते आणि वाटेच्या टोकाला गोंडांचा गुडा. दिवाळीची सुट्टी आहे. आश्रमशाळेतली पोरं घरी आलीत. कापूस वेचून बायका परतताहेत, अंगणं सारवून झालीत. शेजारच्या गावची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांचा मेळा, आज मुक्कामाला यायची आहे.

मी ओट्यावर बसून टिपणं काढते आहे. सातवीतला एक मुलगा शेजारी येऊन टेकतो आणि माझ्या वहीत डोकावतो.

"घुसाडी नृत्य असं काऊन लिवलं, ताई? नाच दंडारीचा असते. घुसाडी तर देव हाय."

मी शब्द खोडते. तो समोरच्या घराकडे बोट दाखवतो. त्याचा काका यंदा घुसाडी आहे. दंडारीचे दिवस संपेपर्यंत काका आंघोळ करणार नाही, बाजेवर बसणार नाही, भुईवरच निजणार. आत्ता तो अंगाला राख फासून घेतोय. पुढ्यात मोरपिसांचा भला मोठा टोप आहे, त्याच्यावर हरणाची शिंगं. टोप डोक्यावर चढण्याआधी त्याची पूजा झाली आहे.

"मोर मारत नाई आमी," मी न विचारताच मुलगा सांगतो. हा प्रश्न त्याला आधी कुणीतरी विचारलेला दिसतो. "रानात पिसं गळतेत, तेच येचतो. टोप घातला की काका काका राहत नाई, पेन होते."

"पेन?"

"देवाला आमच्यात पेन म्हणतेत."

माझ्या हातातल्या पेनकडे बघून तो हसतो. मीही हसते आणि तो शब्द वहीत उतरवते.

ओढ्यापलीकडून तुडुम नगाऱ्याचा आवाज येतो. पोरं कान देतात. "सहा देववाले आले," मुलगा म्हणतो. त्याचं घर सात देवांचं. गोंडांची कुळं चार, पाच, सहा आणि सात देवांमध्ये वाटलेली आहेत. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणून दंडारी कुठल्या गावाला जाते, यालाही अर्थ असतो. त्याची धाकटी बहीण बोटांवर मोजत मला आकडे शिकवते: उंदी, रंड, मूंद, नालुंग, सय्युंग, सारुंग, येडुंग. दोन आणि तीन ऐकताना तेलुगू कानात वाजते. गोंडी तिची द्राविडी बहीण आहे.

घरी गोंडी, वर्गात मराठी, बाजारात तेलुगू आणि तांड्यावरच्या मित्रांशी बंजारा. पहिलीत गेलेलं असं पोर काही दिवस गप्प बसलं, की 'याला बोलता येत नाही' म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. आणि शाळेच्या भाषेचा हा प्रश्न या मातीत ऐंशी वर्षांपूर्वी ओळखला गेला होता. तेव्हा किनवट निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते नांदेडला जोडलं गेलं. 1940 साली जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर त्याच जिल्ह्यातल्या मार्लवाईत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं गोंड शिक्षक तयार होऊ लागले, देवनागरीत गोंडी वाचनपाठ निघाले. याच मार्लवाईच्या कनक राजूंना घुसाडीच्या कलेसाठी 2021 सालची पद्मश्री मिळाली. सीमा नकाशावर बदलली. गुड्यातल्या पोरांना मार्लवाई अजून सोयऱ्यांच्या मुलखातलंच गाव वाटतं.

एक मोठी मुलगी पाण्याची कळशी उतरवून आमच्यात येऊन बसते. ती लातूरला राहून नीटची तयारी करते. रात्रभर बसचा प्रवास करून काल पोचली.

"आधीच्या शाळेत गॅदरिंगला आदिवासी नाच ठेवला होता," ती सांगते. "तोंडाला काळं फासायचं, कमरेला पानं बांधायची, आणि हातात भाले. मला म्हणाले, तू पुढं उभी राहा, तू खरी आदिवासी. मी म्हटलं, सर, माझी आजी लुगडं नेसते, चांदीची साखळी घालते. आमच्यात असं कुणीच नाचत नाही."

"मग?"

"मग आजीचं लुगडं नेसून गेले. मैत्रिणींना आमचा फेर शिकवला, आठ दिवस. पायच जुळेनात त्यांचे." ती हसते. "सोपं वाटतं ना लोकांना."

आवाज चढवून ती एक शब्दही बोलत नाही. चुकलेलं गणित फळ्यावर पुसून पुन्हा सोडवून दाखवावं, तसं सांगते. मला मात्र आजवर पाहिलेली कितीतरी गॅदरिंगं आठवतात. तशा नाचांना मी टाळ्या वाजवल्या आहेत. त्या टाळ्या आज टोचतात.

दंडारी वेशीत येते. आयाबाया पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात. पेपरे सनईसारखं वाजू लागतं. टोपाची पिसं मावळतीच्या उन्हात निळी-हिरवी होतात आणि धुळीतून घुसाडी पुढे येतात. एक आई तापानं फणफणलेलं लेकरू पुढे करते. घुसाडी त्याच्या डोक्याला हात लावतो. माझ्या शेजारचा मुलगा केव्हाच टिपऱ्या घेऊन रिंगणात शिरला आहे. समोरच्या म्हाताऱ्याचं पाऊल बघून तो आपलं पाऊल टाकतो. एकदा चुकतो. म्हातारा टिपरीनं हलकेच त्याच्या पोटरीला स्पर्श करतो, आणि पुढच्या फेरीत पाऊल नेमकं पडतं.

अंधार पडल्यावर तो धापा टाकत ओट्यावर येतो. घामानं कपाळावरची राख ओघळली आहे.

"वही द्या. आन पेन."

मी खोडलेल्या ओळीखाली तो सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहितो:

रोन – घर.
येर – पाणी.
मरा – झाड.
पेन –

इथे त्याचा हात थांबतो. तुडुम पुन्हा सुरू झाला आहे. तो रिंगणाकडे पाहतो, पेन माझ्या हातात ठेवतो आणि पळत सुटतो.