मंदावलेल्या साधनाचा शोध

गूगल कंपनीने 'बेझल' हे साधन २०१५ साली सर्वांसाठी खुले केले. त्याचे बरेच काम जर्मनीतील म्यूनिक शहरात झाले. हजारो फायली जोडून चालता प्रोग्राम तयार करणे, आणि पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग पुन्हा करणे, हे त्याचे काम.

असे साधन बिघडले तर चूक लगेच दिसते. मंदावले तर कोणालाच कळत नाही. प्रोग्राम बरोबर तयार होतो, पण उशिरा. ऊसतोडीच्या दिवसांत गिरणी मंद चालली, तर रस तोच निघतो, मात्र बाहेर गाड्यांची रांग वाढते, तसेच हे. एका माणसाचे एक मिनिट गेले, तर शंभर माणसांची शंभर मिनिटे जातात. थेंबे थेंबे तळे साचे!

मग दोष कसा शोधावा? 'बेझल-बेंच' हे साधन जुन्या व नव्या आवृत्तीकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेते, आणि लागलेला वेळ व मेमरी मोजते. एकदाच मोजून भागत नाही, कारण यंत्रावर दुसरे काम चालू असले की आकडा फसवतो. दोन्हींत खरा फरक दिसला, की मधल्या बदलांकडे वळावे. समजा, असे १००० बदल आहेत. त्यांतला मधला तपासावा; तोवर गती चांगली असेल, तर दोष पुढच्या अर्ध्यात. असे अर्धे करीत गेल्यास सुमारे १० तपासण्यांत दोषी बदल सापडतो.

आपली मुले आज संगणक शिकतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू: "मंद वाटते" म्हणून थांबू नका, मोजा, आणि प्रत्येक बदलानंतर मोजा.