बंदूक, माळपक्ष्यांच्या शिकारीची

तितर, लावा, पखुर्डी इ. जमिनीवर वावरणारे व धोका जाणवताच एकदम उठणारे पक्षी उडत्या स्थितीत टिपण्यासाठी वापरण्यात येणारी, गुळगुळीत नळीची छर्‍यांची बंदूक. रायफलीच्या नळीत आतून पीळ पाडलेले असतात व तीतून एका वेळी एकच गोळी सुटते. या बंदुकीच्या एका बारात मात्र शिशाचे शेकडो छर्रे एकत्र सुटतात आणि पुढे जाता जाता पांगत जातात. हे पांगणे किती असावे, हाच तिच्या निवडीतील मूळ प्रश्न होय. बाकीच्या बाबी, म्हणजे नळीचा व्यास, लांबी, वजन व दस्त्याची घडण, या प्रश्नाच्या अनुषंगाने ठरतात. भारतात या पक्ष्यांच्या शिकारीवर 1991 पासून बंदी आहे. त्यामुळे पुढील विवेचन त्यापूर्वी येथे रूढ असलेल्या व अन्य काही देशांत आजही चालू असलेल्या प्रथेला अनुलक्षून आहे.

विदर्भात अशा शिकारीचे क्षेत्र म्हणजे शेत आणि बरड यांच्या सीमेवरची जमीन. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी (मेघे), सावंगी (मेघे) आदी गावांच्या परिसरात आता घरांची दाटी झाली आहे; तथापि काळ्या जमिनीतील कपाशी, तूर व ज्वारी, नाल्याकाठची झुडपे आणि मधूनमधून खुरट्या गवताची मुरमाड बरडे ही वर्धा जिल्ह्याची जुनी ओळख. या भूमीवरील पक्ष्यांच्या सवयी परस्परांहून बर्‍याच भिन्न आहेत. राखी तितर (वजन सु. 250 ते 350 ग्रॅ.) शक्यतो उडत नाही, झुडपांच्या आडोशाने पळत राहतो आणि अगदीच कोंडी झाली म्हणजे पंखांचा मोठा फडफडाट करीत उठतो. रानलाव्याचा थवा गवतात अंगाला अंग लावून दडून बसतो आणि माणसाचे पाऊल जवळजवळ अंगावर पडेतो हलत नाही. मग एकाच क्षणी फुटून दाही दिशांना पांगतो. पावसाळी लावा त्या ऋतूत आपल्या दुहेरी आवाजाने ओळखू येतो, तर घागस लावा हिवाळी पाहुणा आहे. पखुर्डीची तर्‍हा निराळीच. ती दिवस वर आल्यावर ठरावीक वेळी ठरावीक पाणवठ्यावर थव्यांनी येते, वेगाने व बर्‍याच उंचीवरून.

बंदूक खांद्याला लावून चाप ओढेपर्यंत सरावलेल्या माणसालाही एखादा सेकंद लागतो. पायाशी उठलेला तितर किंवा लावा तेवढ्या अवधीत सु. 15 ते 25 मी. दूर गेलेला असतो. पखुर्डीवर मात्र 30 मी. वा त्याहूनही अधिक अंतरावरून बार टाकावा लागतो. एकाच माळावरील या दोन पक्ष्यांना एकच बंदूक सारख्या प्रमाणात सोयीची नसते, हे यावरून ध्यानी येईल.

छर्‍यांचे पांगणे नळीच्या तोंडाशी केलेल्या आवळाने नियंत्रित करतात. या आवळास चोक म्हणतात. 1870 नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने त्याचा प्रसार केला. बारा बोअरच्या नळीचा आतील व्यास सु. 18.5 मिमी. असतो आणि पूर्ण चोकमध्ये तोंडाशी तो जेमतेम 1 मिमी. ने कमी केलेला असतो; परंतु एवढ्याशा फरकाचा परिणाम मोठा होतो. मापनासाठी 40 यार्डांवर (सु. 36.5 मी.) मोठा कागद लावून बार टाकतात व 30 इंच (सु. 76 सेंमी.) व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे लागले ते मोजतात. आवळ नसलेल्या सरळ नळीतून सु. 40 टक्के, किंचित आवळ असलेल्या नळीतून 50, अर्ध्या चोकमधून 60 व पूर्ण चोकमधून 70 टक्के छर्रे या वर्तुळात पडतात. जवळच्या अंतरावर हा फरक अधिकच ठळक होतो. 20 यार्डांवर (सु. 18 मी.) किंचित आवळाच्या नळीतील छर्रे सु. 66 सेंमी. व्यासात पांगतात, तर पूर्ण चोकमधील सु. 41 सेंमी. व्यासातच राहतात. म्हणजे नेमातील चुकीला पहिल्या नळीत अडीचपटींहून अधिक क्षेत्र मिळते. पूर्ण चोकची बंदूक लांब मारा करते म्हणून ती ‘जोरकस’ व अधिक चांगली, हा समज खेडोपाडी व शहरातील हौशी मंडळींतही सारखाच आढळे. लाव्याच्या शिकारीत तो हमखास अंगलट येई. तीतून एक तर पक्षी साफ चुकतो किंवा लागलाच तर खाण्याजोगा उरत नाही.

याच्या उलट चूक अधिक गंभीर आहे. मोकळ्या नळीतून लांबवर टाकलेल्या बारात छर्रे इतके विरळ झालेले असतात की, पक्ष्याला एखाददुसराच लागतो. असा पक्षी पडत नाही. उडत जाऊन दूरच्या तुरीत वा काटेरी झुडपात उतरतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतो. शोधणारा कुत्रा बरोबर नसेल, तर तो हाती लागत नाही. बंदुकीच्या निवडीची चर्चा हौसेची वाटली, तरी या जखमी पक्ष्यांची संख्या कमी करणे हाच तिचा सर्वांत सबळ हेतू होता. आपल्या नळीचा पल्ला कागदावर पारखून घ्यावा आणि त्यापलीकडे बार टाकू नये, हा नियम जाणत्या शिकार्‍यांत कसोशीने पाळला जाई. दुनळी बंदुकीचा उपयोग येथेच होतो. तिची एक नळी मोकळी व दुसरी आवळ असलेली ठेवतात आणि दोन चापांपैकी योग्य तो ओढून अंतरानुसार नळी निवडता येते. पुढचा चाप उजव्या, मोकळ्या नळीचा व मागचा डाव्या नळीचा, अशी सर्वसाधारण रचना असते. एकाच चापाच्या बंदुकीत निवड खिटीने करावी लागते. ऐन वेळी ते जमतेच असे नाही.

बोअर हे नळीचे जुने माप आहे. एक पौंड शुद्ध शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांपैकी एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअरची नळी. साहजिकच आकडा वाढतो तसा व्यास घटतो : 16 बोअरचा सु. 16.8 मिमी., 20 बोअरचा सु. 15.6 मिमी. माळावर दिवसभर पायी हिंडावयाचे असल्याने हलकी 20 बोअरची बंदूक सोयीची, असे पुष्कळांचे मत आहे. तथापि भारतात बारा बोअरचीच चलती राहिली. तिची काडतुसे सर्वत्र मिळत व पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही ती तयार होत, हे याचे साधे कारण.

बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सु. 30 ग्रॅ. छर्रे असतात. इंग्लिश क्रमांकपद्धतीनुसार 6 क्रमांकाचा छर्रा सु. 2.6 मिमी. व्यासाचा असून 30 ग्रॅममध्ये असे सु. 285 छर्रे मावतात. 8 क्रमांकाचा 2.2 मिमी. व्यासाचा असून ते सु. 475 भरतात. लाव्यासारख्या चिमुकल्या पक्ष्याला दाट मारा हवा, म्हणून 8 क्रमांक. तितर व पखुर्डीसाठी 6 किंवा 7. बारीक छर्‍याचा वेग हवेत लवकर मंदावतो; त्यामुळे दूरच्या पखुर्डीवर 8 क्रमांक वापरणे म्हणजे पुन्हा जखमी पक्ष्यांची संख्या वाढविणे होय.

वजनाबाबत ग्रीनरचा आडाखा प्रसिद्ध आहे : बंदूक आपल्या छर्‍यांच्या वजनाच्या 96 पट असावी. या हिशेबाने 30 ग्रॅममागे सु. 2.9 किग्रॅ. वजन येते. त्याहून हलकी बंदूक खांद्याला धक्का देते, फार जड असली तर दुपारनंतर हात उशिरा उचलला जातो. नळी सामान्यतः 71 सेंमी. (28 इंच) लांबीची असते. लांब नळीने मारा फार वाढतो ही समजूत निराधार आहे. लांबीचा खरा उपयोग बंदुकीचा झोल स्थिर राखण्यापुरताच. या सर्वांहून महत्त्वाचा असतो तो दस्ता. उडत्या पक्ष्यावर रायफलीप्रमाणे माशी जुळवून नेम धरण्यास सवड नसते. नजर पक्ष्यावर असते आणि बंदूक नजरेच्या रोखाने आपोआप यावी लागते. दस्ता लांब असल्यास तो काखेत अडतो, आखूड असल्यास अंगठा नाकावर आपटतो, फार उतरता असल्यास बार खाली जातो. विलायती कारागीर गिर्‍हाइकाच्या अंगाचे माप घेऊन दस्ता बेतत असत. भारतात मात्र बहुतेक बंदुका वारशाने किंवा जुन्या बाजारातून येत. परक्याच्या मापाच्या दस्त्याशी जन्मभर जुळवून घेणारे शिकारी कमी नव्हते.

जुन्या बंदुकीच्या बाबतीत दोन धोके जाणून घेणे अगत्याचे असे. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या, अंगावर लाटांची नक्षी दिसणार्‍या नळ्या मुळात काळ्या दारूसाठी असत. धूरहीन दारूचा दाब सोसण्याची कसोटी त्यांनी पार केलेली नसेल, तर त्या फुटू शकतात. दुसरे असे की, 65 मिमी. काडतुसासाठी केलेल्या खोबणीत 70 मिमी. चे काडतूस सहज बसते. बार झाल्यावर त्याचे तोंड पुढे उलगडण्यास जागा उरत नाही आणि दाब एकाएकी वाढतो.

ही सर्व चर्चा परवानाधारक व बव्हंशी सुखवस्तू वर्गापुरती होती. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर सामान्य शेतकर्‍याच्या हाती, तेही पीकरक्षणासाठी, असली तर ठासणीची बंदूक असे. तिचा एक बार भरण्यास वेळ लागे आणि दारू-छर्रे महाग पडत. म्हणून तिचा धनी बसलेल्या थव्यावरच नेम धरी. बसलेला पक्षी मारू नये हा संकेत इंग्रज शिकार्‍यांचा. घरच्या हंडीसाठी शिकार करणार्‍यास तो परवडणारा नव्हता. फासेपारध्यांना तर बंदुकीची गरजच नसे. घोड्याच्या केसांचे बारीक फासे पक्ष्यांच्या वाटेवर मांडून, पाळलेल्या तितराच्या आवाजाने रानतितरांना भुलवून ते त्यांना जिवंत धरीत. पक्ष्यांच्या सवयींचे त्यांचे ज्ञान कोणत्याही बंदूकधार्‍याहून सरस होते. अलीकडे वाशिम-अकोला भागात त्यातील काहींनी हेच ज्ञान गवताळ माळ व पक्ष्यांच्या रक्षणासाठी वापरले आहे.

शिकारीचे नियमन टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. 1912 च्या कायद्याने प्रांतांना बंद हंगाम ठरविण्याचा अधिकार दिला. 1972 च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने माळढोक व तणमोर यांना पूर्ण संरक्षण मिळाले. तणमोराचा नर पावसाळ्यात विणीच्या काळी गवतावर उंच उड्या घेतो आणि नेमका तेव्हाच तो बंदुकीच्या टप्प्यात येई. तितर, लावा आदींची शिकार मात्र या अधिनियमान्वये परवान्यावर चालू राहिली. पाणवठ्यावर बसून शिकार करण्यास त्यात मनाई होती. परंतु पखुर्डी व पाणपक्षी त्यांतून वगळले होते, कारण त्यांची शिकार अन्यत्र क्वचितच साधते. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची ही पद्धतच रद्द केली. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी बंदी कायम आहे.

बंदुकी मात्र उरल्या. वारसांना त्या बाळगण्यासाठी 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना घ्यावा लागतो आणि 2019 पासून एका व्यक्तीला सामान्यतः दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. रोही वा रानडुक्कर पिकांची नासाडी करू लागल्यास ठरावीक अटींवर त्यांना मारण्याची अनुज्ञा मिळू शकते; परंतु तितराच्या छर्‍यांनी अशी जनावरे केवळ जखमी होतात. माळपक्ष्यांसाठी बेतलेल्या बंदुकीचे कायदेशीर क्षेत्र आता क्रीडा-नेमबाजी हेच आहे. 1920 नंतर अमेरिकेत पक्ष्यांच्या शिकार्‍यांनीच सरावासाठी आखलेल्या स्कीट या प्रकारात मातीच्या तबकड्या जवळून आडव्या जातात व त्यासाठी मोकळी नळी आणि 9 क्रमांकाचे छर्रे घेतात. ट्रॅप प्रकारात तबकडी समोरून दूर पळते, म्हणून तेथे आवळ नळी व साडेसात क्रमांकाचे छर्रे लागतात. दोहोंतही काडतुसातील छर्‍यांचे वजन 24 ग्रॅ. हून अधिक चालत नाही.