एमजीबी रोडस्टर: जुन्या उघड्या गाडीची निगा

एमजीबी रोडस्टर ही दोन आसनांची, छत उघडता येणारी ब्रिटिश मोटार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. तिला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. वर पक्के छत नसल्याने दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर मोठा ताण येतो. गंज नेमका तिथेच आतून धरतो. म्हणून गाडी घेताना चकचकीत रंगापेक्षा या पट्ट्या आधी तपासाव्यात. दारे नीट बसत नसतील, तर सांगाडा खचल्याची शंका घ्यावी.

१७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आणि दणकट आहे. बहुतेक गाड्यांतील दोन एसयू कार्ब्युरेटरांच्या डॅशपॉटमधील तेल वेळोवेळी पाहावे लागते. पुढच्या चाकांच्या किंगपिनना नियमित ग्रीस न मिळाल्यास त्या झिजतात आणि स्टिअरिंग जड होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप खराब होतात. ते नव्या प्रकारचे बसवणे सुरक्षित.

कापडी छत ओले असताना घडी घालून ठेवू नये, बुरशी धरते. मागची प्लॅस्टिकची खिडकी थंडीत दुमडल्यास तडकते.

सुटे भाग मात्र सहज मिळतात. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने संपूर्ण नवी बॉडीही उपलब्ध करून दिली. त्यामुळे वेळ आणि निगा देणाऱ्याला ही गाडी आजही रस्त्यावर ठेवता येते.