शेवाळ खाणारा मासा आणताना : छोटा ‘ओटो’ की वाढता ‘सकर’?

आदिलाबाद : घरातील काचेच्या टाकीत मासे सोडले की काही आठवड्यांतच काचेवर तपकिरी वा हिरवट शेवाळ दिसू लागते. ते खरवडण्याचा त्रास वाचावा म्हणून अनेक जण बोटाएवढा काळपट ‘सकर’ मासा घरी आणतात. मात्र, हा मासा लहान राहत नाही. घरगुती टाकीसाठी ‘ओटो’ या नावाने ओळखला जाणारा छोटा ‘ओटोसिंक्लस’ कॅटफिश अधिक योग्य ठरतो.

एकच कूळ, वेगळे आकारमान

दोन्ही मासे दक्षिण अमेरिकेतील असून चिलखतासारखे खवले असलेल्या कॅटफिशच्या एकाच कुळातील आहेत. दोघांचेही तोंड खालच्या बाजूस असते आणि त्याच्या आधारे ते काचेला चिकटतात. परंतु पूर्ण वाढलेला ओटो जेमतेम 4 ते 5 सेंटिमीटरचा असतो. याउलट, सकर म्हणून विकल्या जाणाऱ्या माशाची लांबी 40 सेंटिमीटरच्याही पुढे जाते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व तेवढ्याच उंचीच्या टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात मोठ्या सकरला धड वळताही येत नाही. शिवाय वाढत्या वयात त्याचे शेवाळाकडे लक्ष कमी होते आणि त्याच्या विष्ठेने पाणी मात्र लवकर घाण होते.

ओटोची निगा

ओटो कळपाने राहणारा मासा असल्याने तो किमान सहाच्या संख्येने ठेवावा. नवी टाकी भरल्याबरोबर त्याला आणणे ही सर्वांत मोठी चूक होय. नव्या, स्वच्छ काचेवर त्याला खायला काहीच नसते आणि पाण्यात साचणारा अमोनिया त्याला सोसत नाही. टाकी दोन-तीन महिने सुरळीत चालून तिच्यात शेवाळ धरल्यानंतरच त्याचा विचार करावा.

विक्रीस येणारे बहुतेक ओटो नद्यांतून पकडलेले असतात. प्रवासातील उपासमारीने पहिल्या काही आठवड्यांत त्यातले बरेच दगावतात. त्यामुळे खरेदी करताना पोट पाहावे. गोल पोटाचा मासा घ्यावा, खपाटीला गेलेल्या पोटाचा टाळावा. मऊ शेवाळ संपल्यावर किंचित उकडलेल्या काकडीची चकती किंवा पालकाचे पान टाकीत ठेवावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. काळे, केसाळ शेवाळ तो खात नाही. ते हातानेच काढावे लागते.

आदिलाबादचे हवामान हीदेखील एक परीक्षा आहे. ओटोला 22 ते 26 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. येथे उन्हाळ्यात पारा 44 अंशांवर जातो, तर हिवाळ्यात काही मंडलांत 5-6 अंशांपर्यंत उतरतो. म्हणून थंडीत हीटर लावावा. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा. बोअरचे पाणी फार क्षारयुक्त असल्यास त्यात गाळलेले पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी मिसळावे. नळाचे पाणी क्लोरीन निघून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवावे. दर आठवड्याला टाकीतील सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलणे पुरेसे असते.

वाढलेला सकर नदीत नको

टाकीत मावेनासा झालेला सकर ‘जीवदान’ म्हणून ओढ्यात किंवा तलावात सोडला जातो. हे जीवदान इतर माशांच्या जिवावर उठते. महाराष्ट्रात भीमा नदीवरील उजनी जलाशयात या माशाने मच्छीमारांना हैराण केले आहे. त्याचे काटेरी पर जाळ्यात अडकतात, जाळे फाटते आणि हाती आलेल्या माशाला बाजारात भाव नसतो. तो काठात बिळे करतो, त्यामुळे माती ढासळते. इतर मासे ज्या शेवाळावर व गाळातील अन्नावर जगतात, तेच तो फस्त करतो. कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही तो तग धरतो. त्यामुळे एकदा पसरल्यावर त्याचा नायनाट करणे जवळपास अशक्य होते.

आदिलाबादच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे वर्धा आणि प्राणहितेच्या वाटेने गोदावरीला मिळते. येथील एखाद्या वागूत सोडलेला मासा या प्रवाहात कुठवर पोहोचेल, याला मर्यादा नाही. टाकीत न मावणारा मासा दुकानदाराला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या व्यक्तीला द्यावा. घरी आणण्यापूर्वीच त्याची पूर्ण वाढ किती होते, एवढे दुकानदाराला विचारून घेतले तर ही वेळच येणार नाही.