वेलांटी कुठली? पहिली की दुसरी?

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सराफांची पेठ. तिथल्या एखाद्या हिंदी पाटीवर मराठी घरातलं मूल ‘ज्योति’ वाचतं आणि घरी वहीत आजी ‘ज्योती’ लिहायला लावते. उच्चार एक, वेलांट्या दोन! हिंदीने संस्कृतातली ऱ्हस्व वेलांटी जपली. मराठीने १९६२च्या लेखननियमांत शब्दाअखेरचे इकार-उकार उच्चाराप्रमाणे दीर्घ केले. म्हणून ‘कवी’, ‘गुरू’. समासात मात्र पुन्हा ‘कविराज’, ‘गुरुदक्षिणा’.

मुलाला लगेच ‘चुकलं’ म्हणू नये. वहीत दोन रकाने आखून द्यावेत, एक हिंदीचा, एक मराठीचा. ‘चांदी’, ‘मोती’ दोन्हींकडे सारखेच, ‘शांति-शांती’ वेगळे. सवय झाली, की ‘आणि’ दाखवावा: मराठीतही ऱ्हस्वच राहिलेला अपवाद.