१३० डॉलरांचा सुपरमॅन

सुपरमॅनला उडता येत नव्हते असे मी म्हटले, तर आपल्या घरातली बाळगोपाळ मंडळी माझ्या अंगावर धावून येतील. पण गोष्ट खरी आहे. १९३८ सालच्या ज्या अंकात हा गृहस्थ प्रथम जगापुढे आला, त्या अंकात तो उडत नाही, उडी मारतो. तीसुद्धा मोजूनमापून, एक अष्टमांश मैलाची, म्हणजे सुमारे २०० मीटरची! वीस मजली इमारत ओलांडावी, एक्स्प्रेस गाडीला मागे टाकावे आणि तोफेचा गोळा फुटल्याखेरीज कातडीला इजा होऊ नये, एवढीच त्याची मिजास. हे तरी कसे शक्य आहे, अशी कुणी शंका काढू नये म्हणून लेखकाने मुंगी आणि नाकतोडा या दोघांना साक्षीला उभे केले आहे. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, नाकतोडा आपल्या अंगाच्या मानाने केवढी तरी उडी घेतो. मग दुसऱ्या ग्रहावरच्या माणसाने का घेऊ नये? जन्मतःच सूर्याकडे झेपावणाऱ्या मारुतीच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा हिशेब जरा हात आखडूनच केलेला वाटतो.

हे अमेरिकन अंक आमच्या लहानपणी सहजासहजी हाती येत नसत. १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' निघाले आणि जंगलातला फँटम घरोघर पोचला. सुपरमॅन मात्र रद्दीच्या दुकानात, तोही बहुधा मुखपृष्ठ फाटलेला आणि शेवटचे पान हरवलेला असा भेटायचा. त्यामुळे कित्येक गोष्टींचे शेवट आम्ही मनानेच रचले. आता हे जुने अंक पुनर्मुद्रणांच्या जाडजूड खंडांतून ओळीने वाचायला मिळतात. यंदा मी ते तसे वाचून काढले. वाचायला बसलो तो गंमत म्हणून. पण १९३८ पासून १९६१ पर्यंत येता येता सुपरमॅन बाजूला राहिला, आणि त्या चौकटींच्या मागे उभा असलेला एक लेखक मला जास्त दिसू लागला.

पहिल्या अंकाचे नाव 'ॲक्शन कॉमिक्स', क्रमांक १, जून १९३८. किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर निळ्या पोशाखातला एक इसम हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतो आहे आणि पुढे एक मनुष्य डोके धरून पळत सुटला आहे. आत जादूगार, घोडेस्वार, मार्को पोलो अशी बरीच मंडळी होती. सुपरमॅनच्या वाट्याला १३ पाने. आज ती पाने वाचताना नवल वाटते ते त्यांच्या घाईचे. पहिल्याच पानावर ग्रह नष्ट होतो, बाळ पृथ्वीवर येते, अनाथाश्रमात जाते, मोठे होते आणि गरिबांचा कैवारी होण्याची शपथही घेऊन मोकळे होते! दुसऱ्या पानापासून कामाला सुरुवात. एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीत बसवून मारणार आहेत; खऱ्या गुन्हेगार बाईला बांधून, तिचा कबुलीजबाब घेऊन सुपरमॅन मध्यरात्री गव्हर्नरच्या बंगल्यावर थडकतो आणि त्याच्या शयनगृहाचा पोलादी दरवाजा फोडतो. पुढे बायकोला बडवणाऱ्या एका नवऱ्याचा समाचार. त्यानंतर नृत्यगृहात बातमीदार लोइस लेनला त्रास देणाऱ्या गुंडाचा. मुखपृष्ठावरची मोटार ती त्याचीच. शेवटी वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरला वश करणारा दलाल त्याच्या हाती लागतो, आणि त्याला उचलून सुपरमॅन तारांवरून पळत सुटतो. एवढ्यात अंक संपतो. पुढचा महिनाभर वाचकांनी त्या दलालाबरोबर तारेवर लटकत राहावयाचे!

यात जगाचा नाश करू पाहणारा राक्षस कुठेही नाही. आहेत ती आपल्या गल्लीतली, कचेरीतली आणि विधिमंडळातली माणसे. दुसऱ्या अंकात तो दारूगोळ्याच्या कारखानदाराला पकडून, त्याने पेटवलेल्या लढाईत साधा शिपाई म्हणून उभा करतो. आणि दोन्हीकडच्या सेनापतींना समोरासमोर आणून म्हणतो, भांडण तुमचे आहे ना, मग तुम्हीच लढा. ते बिचारे गोंधळतात, कारण आपण कशासाठी लढतो आहोत हेच त्यांना ठाऊक नसते. तिसऱ्या अंकात खाणमालकाला त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांसकट खाणीत कोंडून मजुरांचे जिणे त्यांच्या पदरात टाकतो. जानेवारी १९३९ च्या आठव्या अंकात तर कमालच आहे. गरीब वस्तीतली पोरे गुन्हेगार का होतात, याचे उत्तर त्याला त्या खुराड्यांतच सापडते. मग तो ती सबंध वस्ती पाडून टाकतो, म्हणजे सरकारला तिथे नवी घरे बांधणे भाग पडेल. त्याला आवरायला सैन्याची विमाने येतात, त्यांच्या बाँबनी उरलेली घरे पडतात, आणि काम आणखी लवकर उरकते. अंक संपतो तो नव्या इमारतींवर. चाळीत राहिलेल्या कुठल्याही मुंबईकराला ही गोष्ट मनापासून पटावी, मात्र भाडेकरूंची मधल्या काळात सोय काय, हे सुपरमॅन सांगत नाही.

हा राग आला कुठून? लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर हे ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरातले शाळासोबती. दोघांचा जन्म १९१४ चा, दोघेही परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. अमेरिकेतली ती महामंदीची वर्षे. शुस्टरच्या घरी चित्रांसाठी कागद घ्यायलाही पैसे नसत; तो वेष्टणाच्या कागदावर चित्रे काढी. सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९३२ साली एका रात्री दुकानात चोर शिरले, आणि त्या गडबडीत वडिलांचे हृदय बंद पडून ते तिथेच गेले. पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. गोळी ज्याच्या छातीवर आपटून खाली पडते असा माणूस त्याने पुढे कागदावर उभा केला. या दोन गोष्टींचा संबंध पुष्कळांनी जोडला आहे. मी तो ठामपणे जोडणार नाही. पण एकदा ऐकल्यावर विसरताही येत नाही.

सुपरमॅन त्यांनी वर्तमानपत्रांना चित्रपट्टी पुरवणाऱ्या संस्थांच्या दारोदार फिरवला. वर्षामागून वर्षे नकार आले. शेवटी १९३८ च्या मार्चमध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या कंपनीने तो घेतला. १३ पाने, पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. आणि त्या १३० डॉलरांत सुपरमॅनवरचे सारे हक्क, कायमचे. दोघे तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ज्या वस्तूला इतकी वर्षे कुणी हात लावला नाही, तिच्यावर सही करताना त्यांचा हात अडखळला नसेल, यात मला काही नवल वाटत नाही. पगारी लेखक-चित्रकार म्हणून पुढे त्यांना काम मिळत गेले आणि काही वर्षे चार पैसेही बरे मिळाले. पण सुपरमॅन त्यांचा राहिला नव्हता.

पुढचे अंक वाचताना हे हळूहळू जाणवू लागते. १९४० साली सुपरमॅन रेडिओवर आला, १९४१ पासून पडद्यावरच्या व्यंगपटांत आला, आणि तिथे तो उडू लागला. त्याचबरोबर तो माणसाळलाही. सिनेटर, कारखानदार आणि खाणमालक मागे पडले. त्यांच्या जागी वेडे शास्त्रज्ञ आणि बँका लुटणारे चोर आले. महायुद्धात अमेरिका उतरल्यावर एक अडचण उभी राहिली. हा एकटा जर्मनीत गेला तर लढाई दोन दिवसांत संपेल; मग खऱ्या सैनिकांनी काय करावे? त्यावर काढलेली तोड मला फार आवडते. १९४२ सालच्या वर्तमानपत्री चित्रपट्टीत क्लार्क केंट सैन्यात भरती व्हायला जातो. दृष्टीच्या तपासणीत त्याची क्ष-किरणांची नजर चुकून भिंतीपलीकडे जाते, आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. डॉक्टर त्याला नापास करतात!

खुद्द सीगल मात्र १९४३ साली खरोखरच सैन्यात गेला. तो तिकडे असताना कंपनीने त्याच्या पूर्वीच्या कल्पनेतला 'सुपरबॉय' त्याला न विचारता सुरू केला. परत आल्यावर, १९४७ साली, सीगल आणि शुस्टर कोर्टात गेले. पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि त्यांना सुमारे ९४ हजार डॉलर मिळाले. त्यातला बराच भाग वकिलांच्या पदरी गेला. दोघांची नोकरी गेली आणि अंकातल्या पहिल्या पानावरची त्यांची नावेही गेली. जुन्या अंकांचा खंड उलटताना एके ठिकाणी ती दिसेनाशी होतात. कुठेही सूचना नाही, खुलासा नाही. गोष्ट मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहते.

यानंतरची पाच-सात वर्षे मी भरभर उलटली. १९५४ साली फ्रेड्रिक वर्टहॅम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, सिनेटपुढे चौकशी झाली, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःलाच आचारसंहिता घालून घेतली. 'ती चित्रांची पुस्तके टाक आणि अभ्यासाला बस,' हे आपल्याकडचे वाक्य तिकडे सरकारी इतमामाने उच्चारले गेले म्हणा ना. सुपरमॅन आता अगदी सोवळा झाला. त्याला १९५५ साली कुत्रा मिळाला, १९५९ साली चुलत बहीण मिळाली. दोघांनाही उडता येते. मजेचे आहे, पण मोठ्या माणसाने सलग वाचावे असे नाही.

आणि मग नोव्हेंबर १९६० चा 'सुपरमॅन'चा १४१ वा अंक येतो. एका अवकाशप्राण्याचा पाठलाग करताना सुपरमॅन काळाची मर्यादा ओलांडतो आणि भूतकाळात, आपल्या जन्मग्रहावर, क्रिप्टनवर जाऊन पडतो. ग्रह अजून नष्ट झालेला नाही. तिथल्या तांबड्या सूर्याखाली त्याची शक्ती नाहीशी झाली आहे. लोक त्याच्या पोशाखावरून त्याला चित्रपटातला कुणी किरकोळ नट समजतात. तो आपल्याच आईबापांचे लग्न पाहतो. बापाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करतो, त्यांच्या घरी जेवतो. मी तुमचा मुलगा, हे मात्र सांगत नाही. लायला नावाच्या नटीवर त्याचे प्रेम बसते. ग्रह लवकरच फुटणार हे त्याला ठाऊक आहे. बापाबरोबर तो सुटकेचा मार्ग शोधतो, तो फसतो, आणि अखेर इथेच सर्वांबरोबर मरावे असे तो ठरवतो. पण चित्रीकरण चालू असताना एका रॉकेटातून तो नकळत अवकाशात फेकला जातो. शक्ती परत येते, आणि मागे सारे संपते. वाचवता कुणालाच येत नाही.

वेन बोरिंगची चित्रे जरा ताठर आहेत, लायलाचे प्रेम घाईघाईने उरकले आहे. तरीसुद्धा हा अंक मी दोनदा वाचला. जगातला सर्वांत बलवान मनुष्य बापाशेजारी बसला आहे आणि त्याच्या हातून काहीच होणार नाही, ही एकच गोष्ट तिथे सांगितली आहे, आणि ती सांगताना लेखकाला शब्द शोधावे लागलेले नाहीत.

लेखकाचे नाव त्या अंकावर नाही. तो लेखक जेरी सीगल. १९५९ साली, हातात पैसा नाही म्हणून, तो आपल्याच मानसपुत्राच्या गोष्टी लिहायला त्याच कंपनीत पानामागे ठरलेल्या मजुरीवर परत आला होता. नोव्हेंबर १९६१ च्या १४९ व्या अंकात सुपरमॅन मरतो. लूथर कर्करोगावर औषध काढून सज्जनपणाचे सोंग आणतो, विश्वास बसताच त्याला मारतो, आणि लोक रांगा लावून त्याच्या शवाचे दर्शन घेतात. कंपनीने 'काल्पनिक कथा' असा शिक्का मारून ती छापली. (म्हणजे बाकीच्या खऱ्या, असे समजावयाचे!) तीही सीगलचीच, आणि तीही निनावी. बारा वर्षे घराबाहेर काढलेल्या माणसाने आपल्या मुलाचे मरण इतक्या संयमाने लिहावे, त्यात कुणावर एक वाकडा शब्द टाकू नये, याला मी तरी मोठे लेखन म्हणतो.

हक्कांचा प्रश्न त्याने पुन्हा काढला आणि साठीच्या दशकात तेही काम गेले. १९७५ साली सुपरमॅनचा मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली, तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करीत होता. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि तो न्यूयॉर्कला भावाकडे राहत होता. सीगलने संतापून वर्तमानपत्रांना लांबलचक पत्रक पाठवले. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी मग प्रकरण हाती घेतले. सभा झाल्या, दूरचित्रवाणीवर मुलाखती झाल्या. डिसेंबरमध्ये मालक कंपनी वॉर्नर नमली. दोघांना वर्षाला २० हजार डॉलर तहहयात, आणि सुपरमॅनचे जनक म्हणून दोघांची नावे पुन्हा छापायची. १९७८ च्या त्या चित्रपटात ती पडद्यावर आली. शुस्टर १९९२ साली गेला, सीगल १९९६ साली.

पहिल्या अंकाची एक उत्तम प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरना गेली. पण मला त्याहून दुसरा एक लिलाव आठवतो. १३० डॉलर ज्या चेकने दिले तो चेक कोर्टाच्या कामात पुरावा म्हणून लागला, त्यामुळे फाडला न जाता शिल्लक राहिला. इतर कामाचे पैसे धरून तो एकूण ४१२ डॉलरांचा आहे; २०१२ साली त्याला १ लाख ६० हजार डॉलर आले. त्याच्या दर्शनी बाजूला कंपनीने दोघांचीही आडनावे चुकीची लिहिली आहेत. त्यामुळे पैसे मिळण्यासाठी त्या दोन पोरांना मागे दोनदा सह्या कराव्या लागल्या: एकदा कंपनीने लिहिलेल्या नावाने आणि एकदा स्वतःच्या.