आपलें संकेतस्थळ, आपल्या हातीं

विद्यार्थिमित्रहो, आपण लिहिलेला निबंध चार जणांनीं वाचावा ही इच्छा स्वाभाविक आहे, व ती पुरविण्याचें साधन आज पुष्कळ घरीं आहे. परंतु बहुतेक जण आपलें लेखन एखाद्या कंपनीच्या जागेंत ठेवून निश्चिंत होतात. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराची जी गत, तीच अशा लेखनाची. 'जिओसिटीज' नांवाच्या सेवेवर लक्षावधि लोकांनीं आपलीं पानें रचिलीं होतीं. 'याहू' कंपनीनें १९९९ सालीं ती विकत घेतली आणि २००९ सालीं अमेरिकेंतील सेवा बंद केली. कांहीं पानें इतरांनीं धांवपळ करून वांचविलीं. पण ज्यांनीं स्वतःजवळ प्रत ठेविली नव्हती व ज्यांचीं पानें कोणी उतरूनही घेतलीं नाहींत, त्यांचें लेखन नाहींसें झालें. म्हणून ज्याची प्रत आपल्या घरीं राहते व जें वाटेल तेव्हां दुसरीकडे हलवितां येतें, असें संकेतस्थळ कसें रचावें, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय तें पाहूं. जिनिव्हा शहराजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं या योजनेचा प्रस्ताव मांडला व १९९१ सालीं ती जगास खुली झाली. तेव्हांचीं पानें म्हणजे 'एचटीएमएल' या चिन्हपद्धतीनें लिहिलेल्या साध्या फाइली. वाचकानें मागणी केली कीं दूरचा संगणक, म्हणजे 'सर्व्हर', ती फाइल जशीच्या तशी धाडीत असे. पुढें दुसरी रीत आली. तींत पान तयार नसतें. मागणी होतांच एक प्रोग्राम माहितीच्या कोठारांतून मजकूर काढून तें त्या क्षणीं जुळवितो. रेल्वेच्या आरक्षणास हें अवश्य आहे, कारण रिकाम्या जागा घडोघडी बदलतात. पण एकदां लिहिलेला निबंध वाचकागणिक बदलत नाहीं. पुस्तक छापून तयार असतां प्रत्येक वाचकासाठीं खिळे नव्यानें जुळविणें जसें व्यर्थ, तसेंच हें. शिवाय त्या प्रोग्रामची व कोठाराची डागडुजी सतत करावी लागते. ती चुकली तर चोरांस वाट सांपडते.

मग सर्व पानें हातांनींच कां लिहूं नयेत? अडचण अशी कीं, शंभर पानांच्या माथ्यावर शाळेचें नांव असेल व त्यांत एक अक्षर बदलावयाचें झालें, तर शंभर फाइली उघडाव्या लागतील. ही अडचण 'स्टॅटिक साइट जनरेटर' या जातीचे प्रोग्राम दूर करितात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेला 'जेकिल' हा त्यांपैकीं एक. त्याचें तत्त्व सोपें आहे: माथा, तळ व मांडणी यांचा सांचा एकदांच करावा, मजकूर निराळा ठेवावा, आणि दोहोंची जुळणी यंत्राकडून करवावी. सांच्यांत एक अक्षर बदललें कीं पुढील जुळणींत शंभरही पानें बदललेलीं निघतात.

आतां कृति सांगतों. संगणकावर प्रथम 'रूबी' ही भाषा व नंतर जेकिल बसवावें. 'जेकिल न्यू' ही आज्ञा देऊन पुढें इच्छित नांव लिहिलें कीं त्या नांवाचें फोल्डर तयार होतें. त्यांतील 'कॉन्फिग' फाइलींत संकेतस्थळाचें नांव व वर्णन भरावें. लेख 'पोस्ट्स' या फोल्डरांत ठेवावयाचे. मात्र प्रत्येक फाइलीच्या नांवाच्या आरंभीं वर्ष, महिना व दिवस या क्रमानें तारीख हवी. फाइलीच्या माथ्यावर तीन तीन संयोगचिन्हांच्या दोन ओळी घालून त्यांमध्यें शीर्षक व सांच्याचें नांव द्यावें. त्याखालीं लेख येतो. तो 'मार्कडाउन' पद्धतीनें लिहितात. जॉन ग्रुबर यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेली ही पद्धति शिकण्यास फार वेळ लागत नाहीं. ओळीच्या आरंभीं '#' हें चिन्ह दिलें कीं मथळा होतो, शब्दाच्या दोहों बाजूंस दोन दोन तारका दिल्या कीं तो ठळक होतो, व मध्यें एक ओळ रिकामी सोडली कीं नवा परिच्छेद सुरू होतो.

'जेकिल सर्व्ह' म्हटलें कीं सर्व पानें आपल्याच संगणकावर पाहतां येतात. हीं आपलीं मुद्रितें समजून बारकाईनें तपासावीं. 'जेकिल बिल्ड' म्हणतांच तयार पानें 'साइट' नांवाच्या फोल्डरांत जमा होतात. तीं कोणत्याही सर्व्हरवर ठेविलीं कीं प्रकाशन झालें. 'गिटहब पेजेस' ही सेवा अशीं स्थळें विनामूल्य ठेवून घेते.

मराठींत लिहिणारांनीं एक पथ्य पाळावें. मजकूर 'युनिकोड' पद्धतीनेंच टंकावा. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांस तींत स्थान आहे. छपाईसाठीं वापरीत आलेल्या कित्येक जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो.

पालकांसही दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. गिटहबवर तेरा वर्षांखालील मुलांस खातें उघडतां येत नाहीं. विनामूल्य खात्यांत तेथील संकेतस्थळाच्या मूळ फाइलीही सर्वांस खुल्या असाव्या लागतात, आणि प्रत्येक फाइलीच्या मागील आवृत्त्या तेथें जपल्या जातात. सबब मुलाचा पत्ता, दूरध्वनि क्रमांक वा छायाचित्र आज घालून उद्यां पुसलें, तरी मागील आवृत्तींत तें राहतें. जें चव्हाट्यावर सांगणार नाहीं तें येथें लिहूं नये, हा नियम मुलांस प्रथम शिकवावा.

अशा स्थळावर परीक्षेचे अर्ज भरून घेतां येणार नाहींत, हें खरें. पण आजीनें सांगितलेल्या ओव्या, गांवच्या विहिरींचा इतिहास, वर्गांतील निबंध, यांस इतकें साधन पुरेसें आहे. मूळ फोल्डराची एक प्रत घरीं व एक अन्यत्र ठेवावी. मग एखादी सेवा उद्यां बंद पडली, तर तेंच फोल्डर दुसऱ्या सर्व्हरवर ठेवितां येईल. पत्ता बदलेल, परंतु लेखनांतील एकही अक्षर हरवणार नाहीं. या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं निदान एक पान तरी असें रचून पाहावें, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.